पगडीवाला मासा आणि बोअरचं पाणी

आमच्या सोसायटीच्या बोअरच्या पाण्याबद्दल कुणीही चांगलं बोलत नाही. २०१३ च्या दिवाळीत पुण्याजवळ वाघोलीत राहायला आलो आणि उन्हाळ्याच्या आत गिझरचं कॉइल गेलं. नळाच्या तोट्यांवर पांढरी खपली धरते, तूरडाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि धुऊन पालथी घातलेली स्टीलची ताटं वाळली की त्यांच्यावर ठिपके उमटतात. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. एकदा बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेलं आणि मुलांच्या प्रात्यक्षिकाबरोबर त्याचंही ईडीटीए टायट्रेशन, म्हणजे कठीणपणा मोजायची चाचणी, केलं. लालसर जांभळा रंग निळा व्हायचं नावच घेईना. एकूण कठीणपणा लिटरला ३८० मिलिग्रॅम आला. पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात, ते हेच.

दुसरी एक गोष्ट त्याच आठवड्यात लक्षात आली. नळातून ताजं काढलेल्या पाण्याचा सामू (पीएच) ७.६ होता, पण तेच पाणी बादलीत रात्रभर एअरपंप लावून ठेवलं तर सकाळी ८.३ व्हायचा. जमिनीच्या पोटात पाण्यात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड हवा लागली की निघून जातो आणि पाणी आपल्या खऱ्या सामूवर येतं. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते, पण घरच्या बादलीत पहिल्यांदा पाहिलं.

लेक तेव्हा तिसरीत होती आणि तिला मासे हवे होते. दुकानदारानं दाखवलेले टेट्रा आणि डिस्कस म्हणजे मऊ, आम्लधर्मी पाण्यातले मासे. त्यांच्यासाठी आमच्या पाण्याशी रोज भांडावं लागलं असतं. मग मी उलटा शोध सुरू केला : असं पाणी आवडणारा मासा कोण? उत्तर आलं आफ्रिकेतून, टांगानिका सरोवरातून.

हे सरोवर टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया या चार देशांच्या मध्ये आहे. लांबी सुमारे ६७० किलोमीटर, म्हणजे मुंबई ते नागपूर सरळ रेषेत जाण्याइतकी. सर्वात खोल जागी १४७० मीटर. खोलीत बैकालनंतर त्याचाच नंबर. पाण्याचा सामू ९ च्या आसपास. त्यात मॅग्नेशियम कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि आमच्या बोअरमध्ये कॅल्शियमचाही भरणा, त्यामुळे दोन्ही पाणी सारखी नव्हेत. पण क्षारता टिकून राहणं, सामू अचानक न घसरणं, हा गुण दोन्हींत होता. आणि त्या सरोवरात तीस सेंटिमीटरच्याही पुढे वाढणारा, अंगावर निळसर पांढऱ्या आणि काळ्या रुंद पट्ट्यांचा, कपाळावर भलामोठा उंचवटा असलेला मासा राहतो : फ्रंटोसा. शास्त्रीय नाव सायफोटिलापिया फ्रंटोसा. १९०६ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी त्याचं वर्णन केलं. ‘सायफो’ म्हणजे कुबड, ‘फ्रंटोसा’ म्हणजे मोठ्या कपाळाचा. फोटो पाहून माझे सासरे, अण्णा, एवढंच म्हणाले, “अगं, हा तर पगडी घालून बसलाय.” तेव्हापासून घरात त्याचं नाव पंत.

मासा ठरला, पण तो यायला बरेच महिने लागले. आधी टाकी. दुकानात विचारलं तर “ताई, तीन फुटी घ्या, आत्ता लहान आहेत, पुढचं पुढे बघू” असं उत्तर मिळालं. हा सल्ला मला तेव्हाही पटला नाही आणि आजही राग आणतो. वीस-वीस वर्षं जगणारा, हातभर वाढणारा आणि कळपानं राहणारा मासा विकताना ‘पुढचं पुढे’ म्हणणं म्हणजे त्या माशाचं आयुष्य आधीच कापून टाकणं. आम्ही सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी १२ मिलिमीटर काचेची टाकी बनवून घेतली. तीत सहाशे लिटर पाणी बसतं. पाणी, काच, लोखंडी स्टँड, वाळू, दगड सगळं मिळून साडेआठशे किलो, आणि आम्ही दुसऱ्या मजल्यावर. घराच्या स्लॅबची रचना चौरस मीटरला साधारण दोनशे किलो भार धरून केलेली असते. अहोंनी हट्टानं ओळखीच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरना घरी आणलं. त्यांनी नकाशा पाहून हॉलच्या मधली जागा साफ नाकारली आणि बीमवर येणारी भिंत दाखवली : टाकीची लांब बाजू तिला समांतर, स्टँडखाली भार पसरवायला जाड प्लाय. आमचा टीव्ही तिथून उठला तो कायमचा.

दगड मात्र घराजवळच मिळाले. वाघोलीच्या खाणी बांधकामाच्या खडीसाठी सगळ्यांना ठाऊक असतात, पण तिथल्या काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत निळंशार कॅव्हन्साइट सापडतं आणि त्यासाठी जगभरचे खनिजसंग्राहक वाघोलीचं नाव घेतात, हे पुण्यातल्या किती लोकांना माहीत असेल? मी मात्र स्फटिक असलेला एकही दगड घेतला नाही. त्या निळ्या रंगात व्हॅनेडियम असतं आणि माशांच्या पाण्यात धातू नकोत. साधे, भरीव, काळे दगड निवडले, तारेच्या ब्रशनं घासले, आणि अण्णा व लेक यांनी मिळून त्यांच्या दोन मोठ्या कपारी रचल्या. दगड वाळूवर ठेवले नाहीत. खाली काचेवर रबराचा पत्रा, त्यावर दगड, मग भोवती वाळू. मोठे मासे वाळू उकरतात, आणि वाळूवर टेकलेला दगड सरकला तर थेट काचेवर जातो.

मग आला तो टप्पा, ज्याला मासे पाळणारे ‘सायकलिंग’ म्हणतात. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया निघतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला आठवडे लागतात, आणि तोपर्यंत आत मासे असले तर ते स्वतःच्याच घाणीत भाजतात. म्हणून मी मासे न आणता अमोनिया आणला, नवसागराच्या रूपात. कल्हईवाले भांड्यावर टाकतात तोच, फक्त प्रयोगशाळेचा शुद्ध. सहाशे लिटरला चार ग्रॅम टाकलं की लिटरला साधारण दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. रोज संध्याकाळी चाचणीच्या नळीतला रंग पाहायचा आणि वहीत लिहायचा. पहिले अकरा दिवस नळी हिरवी ती हिरवीच, म्हणजे अमोनिया तसाच. घरी येणारे पाहुणे विचारायचे, “रिकामी टाकी का चालू ठेवलीय?” लेक त्यांना गंभीरपणे सांगायची, “रिकामी नाहीये, आत जिवाणू आहेत.” एकेचाळिसाव्या दिवशी आदल्या रात्री टाकलेला नवसागर सकाळी पूर्ण नाहीसा झालेला होता. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्या सकाळी मी कॉलेजला उशिरा गेले.

जून २०१४ मध्ये दहा पिल्लं आणली, बोटाच्या दोन पेरांएवढी. दुकानदार म्हणाला की माल चेन्नईच्या कोळत्तूरहून येतो; शोभेच्या माशांची पैदास करणारी ती मोठी जागा आहे. पिशवीतलं पाणी हळूहळू मिसळत दीड तास घेतला. दहाही पिल्लं सोडल्या सोडल्या दगडांच्या कपारीत गेली आणि तीन दिवस दिसली नाहीत. चौथ्या पहाटे अण्णांनी पाहिली. ते पाच वाजता उठायचे, दिवा लावायचे नाहीत, खुर्ची टाकीसमोर ओढून बसायचे. मग मी वाचलं त्याचा अर्थ लागला : सरोवरात हा मासा दहा ते पन्नास मीटर खोलीवर, अंधूक उजेडात राहतो आणि पहाटे, लहान मासे अजून सुस्त असतात तेव्हा त्यांच्या थव्यात संथपणे शिरून भक्ष्य टिपतो. आमच्या टाकीवर मी लावलेली पांढरी प्रखर ट्यूब त्यांना नको होती. ती काढून मंद निळसर पट्टी लावली आणि आठवडाभरात पिल्लं दिवसाही बाहेर येऊ लागली.

या माशाकडे घाई नाही. खायला धावत नाही, पळापळ करत नाही, वाढतोही सावकाश. वर्षभरात जेमतेम दहा सेंटिमीटर. घाई मी केली. लवकर वाढावेत म्हणून दिवसातून तीनदा तरंगते दाणे द्यायला लागले. वर येऊन खाताना मासे दाण्याबरोबर हवाही गिळतात. २०१५ च्या फेब्रुवारीत एका सकाळी दोन पिल्लं शेपटी वर, डोकं खाली अशी लटकलेली दिसली. खाली जायचा प्रयत्न करायची आणि बुचासारखी परत वर यायची. ते बघवत नव्हतं. सगळ्यांचं खाणं पाच दिवस बंद केलं, त्या दोघांना वेगळ्या टबात उथळ पाण्यात ठेवून थोडं एप्सम मीठ (मॅग्नेशियम सल्फेट) घातलं. एक सावरलं. दुसरं सातव्या दिवशी गेलं. लेकीनं त्याला जास्वंदीच्या कुंडीत पुरलं आणि मला विचारलं, “आई, आपण जास्त दिलं म्हणून का?” मी हो म्हणाले. त्या दिवसापासून आमच्याकडे बुडणारेच दाणे, तेही आधी टाकीच्याच पाण्यात भिजवून, दिवसातून एकदा. आठवड्यातून दोनदा सोललेली कोलंबी बारीक चिरून. रविवारी उपास. दुकानात सुचवलेले जिवंत गप्पी आणि मटणाचं काळीज हे दोन्ही मी कधीच दिलं नाही. गप्पींबरोबर रोग येतात आणि सस्तन प्राण्याची चरबी या माशाला पचत नाही.

आणि आता ती रात्र, जिच्याबद्दल लिहायचं म्हणून मुळात हे लिहायला बसले.

मे २०१६. दुपारी वळवाचा पाऊस झाला, झाडं पडली आणि संध्याकाळी सहाला वीज गेली. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्ट आणि जिन्यासाठी. टाकीचं पाणी ३१ अंशांवर होतं. आम्ही आळीपाळीनं मगानं पाणी उचलून वरून ओतत राहिलो, म्हणजे हवा मिसळेल. अण्णा, अहो, लेक, मी. रात्री एकला वीज आली. सगळ्यांनी हुश्श केलं, फिल्टर आपोआप सुरू झाला आणि आम्ही झोपलो.

चूक तिथं झाली. आमचा फिल्टर बंद डब्याचा, कॅनिस्टर. सात तास प्रवाह थांबल्यावर त्या डब्यातला ऑक्सिजन संपला होता, आतले जिवाणू मरायला लागले होते आणि साचलेला गाळ कुजला होता. मोटर सुरू झाल्याबरोबर ते सगळं पाणी टाकीत आलं. पहाटे पाचला अण्णांनी हाक मारली. हॉलमध्ये कुजकट वास होता. नऊ मासे पृष्ठभागाशी, कल्ले भराभर हलवत. चाचणीची नळी गडद हिरवी झाली.

रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो : एक अमोनियम, जो त्या मानानं निरुपद्रवी, आणि दुसरा मुक्त अमोनिया, जो कल्ले जाळतो. सामू ७ असेल तर २५ अंशांना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८.४ असेल तर बारा टक्क्यांच्या वर. तापमान चढलं की आणखी. म्हणजे ज्या पाण्याचा मला अभिमान होता, जे या माशाला मानवतं म्हणून मी तो निवडला, तेच पाणी एवढ्याशा चुकीला पंचवीस-तीस पट कठोर शिक्षा देतं. गोल्डफिशच्या टाकीत जे खपून गेलं असतं, ते इथं खपणार नव्हतं. फ्रंटोसा पाळायचा म्हणजे मासा नाही, फिल्टर पाळायचा. हे मला त्या पहाटे कळलं.

फिल्टर बंद केला. ड्रममध्ये आदल्या दिवशी हवा देऊन ठेवलेलं दोनशे लिटर पाणी तयार होतं, ते घातलं, तेवढंच घाण काढलं. मग नळाचं पाणी बादल्यांत ढवळून ढवळून थंड करून आणखी शंभर. कॅनिस्टर उघडून स्पंज आणि दगडी गोट्या टाकीच्याच काढलेल्या पाण्यात खळबळल्या. दुपारपर्यंत दोन मासे गेले. उरलेले सात संध्याकाळी कपारीजवळ परत उतरले. त्यानंतर मी इन्व्हर्टर घेतला, आणि त्याच्यावर घरातले दिवे नाहीत, टाकीचे दोन एअरपंप आहेत. टाकीत दोन स्पंज फिल्टर कायमचे बसवले, हवेवर चालणारे, उघडे. आणि स्टँडच्या दारावर आतून कागद चिकटवलाय : ‘वीज एक तासापेक्षा जास्त गेली तर कॅनिस्टर धुतल्याशिवाय सुरू करायचा नाही.’ अक्षर लेकीचं आहे.

सातांत दोन नर निघाले. तीन वर्षांचे होईपर्यंत नर-मादी ओळखणं अवघडच. मग एकाची पगडी झपाट्यानं वाढली आणि दुसरा सतत वरच्या कोपऱ्यात, पंख मिटून. त्याला आठ फुटी टाकी असलेल्या एका ओळखीच्या घरी दिलं. उरले पंत आणि पाच माद्या. तेव्हापासून टाकीत शांतता आहे.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये अण्णा म्हणाले, “त्या मधल्या मादीच्या गळ्याला सूज आलीय, बघ.” सूज नव्हती. हे मासे अंडी तोंडात उबवतात. मादीनं कपारीत कधी अंडी घातली ते आम्ही कुणीच पाहिलं नाही. गळ्याची पिशवी खाली उतरलेली, जबडा हलकेच चघळल्यासारखा हलत होता. पहिल्या खेपेला बाराव्या दिवशी पिशवी रिकामी झाली. दुसऱ्या खेपेला आम्ही शिकलो होतो : हॉलमध्ये आवाज नाही, पाणी बदलणं नेहमीच्या निम्मं, समोरून कुणी अचानक जायचं नाही. ही आई उपास पूर्ण पाळत नाही. अधूनमधून कोलंबीचा बारीकसा तुकडा तोंडात घेते, आणि तो आतल्या पिल्लांच्याही पोटात जातो, असं सरोवरात पाहणाऱ्या संशोधकांनी नोंदलंय. अडतिसाव्या दिवशी मी तिला वेगळ्या टाकीत हलवलं. दुसऱ्या पहाटे आत सतरा पिल्लं होती, प्रत्येक जवळजवळ एक इंच, आणि प्रत्येकाच्या अंगावर पट्टे पूर्ण उमटलेले. अण्णा तासभर काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “आईच्या तोंडात एवढी जागा असते होय.”

पुढच्या वर्षी मात्र मन फार खात होतं. २०१९ चा तो दुष्काळाचा उन्हाळा. एप्रिलअखेर बोअर आटला आणि सोसायटी टँकरवर आली. माणशी पाणी मोजून मिळत होतं आणि मी आठवड्याला एकशे ऐंशी लिटर माशांसाठी बदलत होते. हे मला झेपेना. सर्वांचं खाणं एक दिवसाआड केलं, पाणी बदलणं पंधरा दिवसांवर नेलं, काढलेला थेंबन्‌थेंब आधी फरशी पुसायला, मग बाथरूममध्ये, उरलेला कुंड्यांना. टँकरचं पाणीही वेगळंच, कठीणपणा फक्त ९०, आणि कधी क्लोरीनचा वास यायचा. ते दोन दिवस हवेत ठेवून, वजन करून खाण्याचा सोडा आणि एप्सम मीठ मिसळून, थोडं थोडं घालत होते. नायट्रेट चढलं, मासे मंदावले, पण एकही गेला नाही. जूनअखेर बोअरला पाणी आलं. नळावरची ती पांढरी खपली पाहून मला बरं वाटलं, हे मी शेजारणीला सांगितलं नाही.

पिल्लं मी फुकट देते, पण टाकी पाहिल्याशिवाय देत नाही. पाच फुटांपेक्षा लहान असेल तर नाही. घरच्या पाण्याची बाटली घेऊन या, मी कठीणपणा आणि सामू काढून देते, असं सांगते. बरेच जण परत येत नाहीत. जे येतात त्यांच्यातले तिघं आता स्वतः नवसागर घालून फिल्टर तयार करतात.

अण्णा २०२१ मध्ये गेले. त्यांची खुर्ची टाकीसमोरच आहे. लेक अभियांत्रिकीला नाशिकला असते. फोनवर पहिला प्रश्न पंतांचा असतो. पंत आता दहा वर्षांचे, एकतीस सेंटिमीटर. मोजपट्टी काचेला लावून मोजले. मी पाचला उठते, दिवा लावत नाही. मधल्या मादीचा गळा परवापासून पुन्हा भरलाय. वहीत आज तिसरा दिवस लिहिला.